आईला पाणी का देत नाहीयेत? हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टचं काम

'स्पीच थेरपिस्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोबडं बोलणारं लहान मूल येतं, नाहीतर तोतरेपणा. २०१० सालचा 'द किंग्ज स्पीच' ज्यांनी पाहिलाय त्यांना राजा सहावा जॉर्ज आणि त्याचा ऑस्ट्रेलियन शिक्षक लायनेल लोग आठवेल. तेही या व्यवसायाचंच काम आहे. पण ब्रिटनमधल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात दुपारच्या जेवणाच्या वेळी तुम्ही स्पीच थेरपिस्टला शोधायला गेलात, तर ती बहुधा एखाद्या वयस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी, हातात चमचा आणि दह्याची वाटी घेऊन बसलेली दिसेल. (इथे या व्यवसायात बहुसंख्य स्त्रिया आहेत, म्हणून 'ती'.) हॉस्पिटलात तिचा बराचसा वेळ बोलण्यापेक्षा गिळण्यावर जातो.

मी स्वतः थेरपिस्ट नाही. माझं संशोधन मेंदू आणि भाषा या विषयात आहे आणि त्यासाठी स्ट्रोकच्या वॉर्डात जावं लागतं. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता इथेच म्हातारे होतायत, किंवा दर उन्हाळ्यात पाच-सहा महिने राहायला येतायत. कधीतरी रात्री स्ट्रोक होतो, अँब्युलन्स येते, आणि सकाळी खाटेच्या वर 'निल बाय माउथ' अशी पाटी दिसते. खाली लिहिलेलं असतं 'सॉल्ट रिव्ह्यू'. त्याचा मिठाशी काही संबंध नाही. 'स्पीच अँड लँग्वेज थेरपी'चं ते वॉर्डातलं लघुरूप. अमेरिकेत याच लोकांना 'एसएलपी' म्हणतात. त्या पाटीमागे काय चाललेलं असतं आणि त्यात तुमचा वाटा किती मोठा असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

एकच घसा, दोन कामं

बोलणं आणि गिळणं एकाच माणसाकडे का? कारण यंत्रणा एकच आहे. ओठ, जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र हे अवयव आणि त्यांना चालवणाऱ्या नसा दोन्ही कामांना सामाईक आहेत. घसा हा एक चौक आहे. नाकातोंडातून येणारी हवा पुढच्या बाजूला श्वासनलिकेत जायची असते आणि अन्न मागच्या बाजूला अन्ननलिकेत. म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात. घास घशात आला की साधारण एका सेकंदात बरंच काही घडावं लागतं: टाळू वर उचलून नाकाकडची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू घट्ट मिटतात, वरचं झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, स्वरयंत्र वर सरकलेलं हाताला लागेल. तिसाहून अधिक स्नायू यात सामील असतात. हे आपण दिवसातून शेकडो वेळा करतो आणि लक्षही देत नाही.

स्ट्रोकनंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांचं हे वेळापत्रक बिघडतं. स्वरयंत्र उशिरा वर जातं, किंवा अर्धवट मिटतं, आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. तुम्हाआम्हाला अशा वेळी जोरदार ठसका लागतो. तो ठसका म्हणजे पहारेकरी. पण स्ट्रोकमध्ये घशाची संवेदनाच गेलेली असेल, तर पहारेकरी झोपलेला असतो. पाणी फुप्फुसाकडे जातं आणि माणूस शांत चेहऱ्याने पुढचा घोट मागतो. याला इंग्रजीत 'सायलेंट ॲस्पिरेशन' म्हणतात, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. स्ट्रोकमधून वाचलेला माणूस आठवड्याभराने न्यूमोनियाने जाणं ही वॉर्डातली नवलाची गोष्ट नाही.

म्हणूनच इथला नियम असा की हॉस्पिटलात आल्यापासून चार तासांच्या आत, आणि अन्न, पाणी किंवा गोळी तोंडाने देण्याआधी, गिळण्याची प्राथमिक चाचणी व्हायला हवी. ती बहुधा प्रशिक्षित नर्स करते. त्यात शंका आली की थेरपिस्ट येते. ती आधी तोंडात डोकावते, जीभ हलवायला सांगते, मुद्दाम खोकायला लावते. मग चमचाभर पाणी देऊन गळ्यावर बोटं ठेवते. गिळून झाल्यावर 'आ' म्हणायला सांगते. आवाज ओला, गुरगुरल्यासारखा आला, तर स्वरतंतूंवर काहीतरी साचलेलं आहे.

पण नुसत्या बोटांनी सायलेंट ॲस्पिरेशन पकडता येत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकीत बेरियम मिसळलेलं अन्न गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ काढतात. घास कुठून कुठे गेला हे काळ्या सावलीसारखं दिसतं. दुसरी सुझन लँगमोर यांनी १९८८ मध्ये मांडली. नाकातून बारीक कॅमेरा घालून वरून घशात पाहायचं. यातली गंमत अशी की गिळण्याच्या नेमक्या क्षणी घसा कॅमेऱ्याभोवती मिटतो आणि पडदा पांढरा होतो. जे पाहायचं तेच दिसत नाही! त्यामुळे थेरपिस्ट आधी काय दिसलं आणि नंतर काय मागे उरलं यावरून मधलं ओळखते.

म्हणून, सगळे गेल्यावर 'घोटभर पाण्याने काय होतंय' म्हणून आईच्या तोंडाला पेला लावू नका. आणि आपली एक खास सवय: पेल्याला ओठ न लावता वरून पाणी पिणं. मान मागे टाकली की श्वासनलिका जास्त उघडी राहते आणि पाणी ताबा मिळण्याआधीच घशात पोचतं. धडधाकट माणसाला चालतं. गिळण्यात बिघाड असलेल्याने पिण्याची याहून वाईट पद्धत शोधणं कठीण आहे. बाबा आयुष्यभर असंच पाणी पीत आले असतील तर थेरपिस्टला ते मुद्दाम सांगा. ती विचारणार नाही, कारण तिने हे कधी पाहिलेलंच नसतं.

वरण-भात कुठल्या लेव्हलचा?

चाचणीनंतर पाटी बदलते: 'लेव्हल २ फ्लुइड्स, लेव्हल ४ डाएट' वगैरे. ही ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ब्रिटनमध्ये २०१९ पासून वापरात. ० म्हणजे साधं पाणी, ४ म्हणजे चमच्यावर आकार धरून राहणारी गुळगुळीत प्युरी, ५ म्हणजे ओलसर आणि बारीक केलेलं अन्न (मोठ्यांसाठी ४ मिलिमीटरपर्यंतचे कण, म्हणजे काट्याच्या दातांमधल्या फटीएवढे), ६ म्हणजे मऊ, दीड सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे आणि ७ म्हणजे नेहमीचं जेवण. पातळ पदार्थ मोजायची रीत मला फार आवडते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. ठरावीक लांबीच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये द्रव भरायचा, खालचं बोट काढायचं आणि १० सेकंदांनी किती उरलं ते पाहायचं. एक मिलिलिटरहून कमी उरलं तर लेव्हल ०, चारपर्यंत १, चार ते आठ म्हणजे २, आणि आठहून जास्त पण तरी वाहतंय म्हणजे ३.

पाणी दाट कशाला करायचं? पाणी फार चपळ असतं. उशिरा मिटणाऱ्या घशाला ते गाठता येत नाही. दाट द्रव सावकाश सरकतो आणि स्नायूंना वेळ मिळतो. पूर्वी यासाठी स्टार्चची पावडर वापरत. लाळेतलं अमायलेज स्टार्च पचवू लागतं आणि उष्टा पडलेला पेला हळूहळू परत पातळ होतो. आता बहुतेक ठिकाणी झँथन गम असतो, तो लाळेला दाद देत नाही.

घरून डबा नेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं हे, की 'मऊ' आणि 'सुरक्षित' एक नाही. आजारी माणसाला आपण पहिलं काय देतो? वरण-भात. पातळ वरणात मोकळी शितं म्हणजे एकाच घासात दोन वेगवेगळ्या चालीचे पदार्थ. वरण आधीच घशात उतरतं आणि शितं तोंडात चघळली जात असतात. दुबळ्या घशाला असं मिश्रण फार अवघड. तोच भात दाटसर वरणात घोटून, शितं सुटी न राहतील पण गोळाही चिकट होणार नाही असा केला, तर लेव्हल ५ मध्ये बसू शकतो. साबुदाण्याची खिचडी चिकटते. पोहे आणि चिवडा भुरभुरतात. बुंदीच्या लाडवाचं नावच काढू नका. गुठळी नसलेलं श्रीखंड मात्र ४ च्या जवळ जातं. इंग्रज थेरपिस्टला यातला एकही पदार्थ माहीत नसण्याची शक्यता आहे, तेव्हा डबा तिच्यासमोर उघडा. चमच्यावरून कसं घसरतं आणि काट्याने कसं दबतं ते ती तिथेच पाहील.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. दाट पाण्यामागचा पुरावा आपल्याला वाटतो तितका भक्कम नाही. २००८ मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्स किंवा डिमेन्शिया असलेल्या ५१५ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, दाट द्रव घेणारे आणि हनुवटी खाली करून साधं पाणी पिणारे यांच्यात तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. शिवाय दाट पाणी बेचव लागतं, माणसं ते कमी पितात आणि शरीरातलं पाणी कमी होतं. लँगमोर यांच्याच १९९८ च्या अभ्यासात न्यूमोनियाशी जास्त जोडलेल्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: रुग्णाला दुसऱ्या कुणी भरवावं लागणं, दात दुसऱ्या कुणी घासावे लागणं, किडके दात. म्हणजे फुप्फुसात काय गेलं याइतकंच, ते कुठल्या तोंडातून गेलं हेही महत्त्वाचं. माझ्या मते नातेवाइकांनी लपवून पाणी देण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा आईचे दात आणि जीभ नीट स्वच्छ करायला नर्सकडून शिकून घेतलं, तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल. आणि 'हे दाट पाणी अजून गरजेचं आहे का, परत तपासाल का?' हे विचारायला अजिबात संकोचू नका.

मराठीत हरवलेले शब्द

आता भाषा. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना अफेझिया होतो, ज्याला मराठीत वाचाघात म्हणतात. यात जीभ लुळी पडलेली नसते. मेंदूतली भाषेची जुळवाजुळव बिघडलेली असते. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ज्या लबॉर्न नावाच्या रुग्णाच्या मेंदूचं वर्णन केलं, तो वर्षानुवर्षं फक्त 'टॅन' हा एकच उच्चार करत असे, पण बोललेलं बरंचसं त्याला समजत होतं.

वाचाघातात एक गोष्ट घरच्यांना हमखास चकवते. नातवाचं नाव न सांगू शकणारे आजोबा बे एके बे पासून पाढा धडाधड म्हणतात, आरती सुरू झाली की शेवटपर्यंत साथ देतात. मग घरचे म्हणतात, 'येतंय की सगळं, हे मुद्दाम बोलत नाहीत!' तसं नसतं. घोकून पाठ झालेलं बोलणं आणि दर वेळी नव्याने जुळवायचं वाक्य, मेंदूत या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिली शाबूत राहून दुसरी जाऊ शकते. अशा माणसाला 'प्रयत्न करा हो' असं सारखं म्हणणं क्रूरपणा आहे.

एकाहून अधिक भाषा येणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्नही जुना आहे. फ्रान्सच्या रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटलं की लहानपणीची भाषा टिकते. १८९५ मध्ये पित्र म्हणाले, आजाराआधी जी जास्त वापरात होती ती आधी परतते. पुढे मिशेल पॅराडी यांनी असे असंख्य रुग्ण एकत्र मांडून दाखवलं की बहुतेकांच्या सगळ्या भाषा साधारण बरोबरीने परततात, पण अपवाद बरेच आणि चक्रावणारे आहेत. त्यामुळे 'आजोबा मराठी, तेव्हा मराठीच टिकली असेल' हे गृहीत धरता येत नाही, आणि 'चाळीस वर्षं लेस्टरमध्ये आहेत, इंग्रजीत तपासा' हेही नाही. दोन्हीकडे तपासावं लागतं.

पण तपासायचं कशाने? चित्रं ओळखण्याची जगभर वापरली जाणारी एक चाचणी बॉस्टनची आहे. तिच्या ६० चित्रांत इग्लू, बीव्हर आणि ॲस्परॅगसही आहेत. जन्म वाईचा असलेल्या आजींनी बीव्हर ओळखलं नाही, तर स्ट्रोकमुळे की कधी पाहिलाच नाही म्हणून? नवऱ्याचं नाव विचारल्यावर त्या गप्प बसल्या, तर ती वाचाघाताची खूण नसून साठ वर्षांची सवय असू शकते. उखाण्यात विचारलंत तर सांगतीलही! आपलं ते डावी-उजवीकडे मान डोलावणं इंग्रज माणसाला 'नाही' वाटतं. आणि 'दुखत नाही ना?' याला आपण 'हो' म्हणतो, म्हणजे 'हो, दुखत नाही'. इंग्रजीत तोच 'येस' उलटा अर्थ देतो, आणि हो-नाहीची उत्तरं विश्वासार्ह आहेत की नाहीत यावर तर पुढचं सगळं उभं असतं.

दुभाषा असेल तर हे सगळं सुटेल असं वाटतं ना? अडचण अशी की दुभाष्याला अर्थ पोचवायला शिकवलेलं असतं आणि थेरपिस्टला हवं असतं ते मोडकं वाक्य. समजा बाई म्हणाल्या, 'काल मी... बाजारला... बाजारात... जाईन... जातो.' दुभाषा सांगतो, 'काल त्या बाजारात गेल्या होत्या.' अर्थ बरोबर पोचला आणि जे तपासायचं होतं ते सगळं वाटेत गळालं: चुकलेला प्रत्यय, स्वतःच केलेली दुरुस्ती, हुकलेला काळ, स्त्रीने वापरलेलं पुल्लिंगी रूप. घरचे तर याहून जास्त नीटनेटकं करून सांगतात, मायेपोटी.

इंग्रजी बोलणाऱ्या अशा रुग्णाचे प्रत्यय आणि छोटे शब्द गळून पडतात. 'वॉक्ड'चं 'वॉक' होतं, आणि तोही शब्दच आहे. मराठीत तितकं सोपं नाही. 'माणसाला'मधला 'ला' काढला तर उरतं 'माणसा', जे हाक मारल्याशिवाय कुणी म्हणत नाही. १९९० मध्ये लीझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी अनेक भाषांतल्या (त्यात हिंदीही होती) अशा रुग्णांचं बोलणं एकत्र छापलं, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला: ज्या भाषांत शब्दाला प्रत्ययाशिवाय उभं राहता येत नाही तिथे माणसं प्रत्यय गाळण्यापेक्षा चुकीचा लावतात. म्हणजे इंग्रजीच्या सवयीने 'शब्द गळतायत का' एवढंच पाहणाऱ्याला मराठीतला आजार सौम्य वाटू शकतो. आणि उलटही होतं. अमरावतीच्या आजी 'मले' म्हणाल्या की पुण्याचा दुभाषा ती चूक समजेल. ती चूक नाही, ती वऱ्हाडी आहे.

म्हणून थेरपिस्टने 'घरी कुठली भाषा?' विचारलं की 'मराठी, थोडं इंग्लिश' एवढ्यावर थांबू नका. बाबा हिशोब कुठल्या भाषेत करायचे, शेजारच्या गुजराती आजोबांशी काय बोलायचे, रागावले की काय, पेपर कुठला वाचायचे, शाळा कुठवर आणि कुठल्या माध्यमात, आधीपासून काय विसरत होते, हे सगळं लिहून द्या. जमलं तर आजाराआधीचा फोनवरचा एखादा व्हिडिओ दाखवा. त्यांचं नेहमीचं बोलणं कसं होतं हे तिला दुसरीकडून कुठूनही कळणार नाही. दुभाषा आला की त्याला आधीच सांगा, दुरुस्त न करता जसंच्या तसं, शब्दाला शब्द सांगा. पुढे सराव सुरू होतो तेव्हाही तुम्ही लागता. 'पाणी' आठवत नसेल तर 'पा...' एवढी सुरुवात करून दिली की शब्द पुष्कळदा बाहेर पडतो; ती सुरुवात मराठीत फक्त तुम्हीच करून देऊ शकता.

ठरवायचं कुणी

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा 'मेंटल कपॅसिटी ॲक्ट' सांगतो की एखाद्याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही असं ठरवण्याआधी, त्याला मदत करायचे सगळे व्यवहार्य मार्ग वापरून पाहायला हवेत. चित्रं, लिहिलेले शब्द, दुभाषा, सकाळची ताजी वेळ, सगळं. वाचाघात झालेल्या माणसाला बोलता येत नाही, पण नळी घालून घ्यायची की नाही यावर त्याचं मत असू शकतं. ते मत बाहेर काढण्याचं काम अनेकदा स्पीच थेरपिस्टवरच येतं. आपल्याकडे अशा वेळी मोठा मुलगा पुढे होऊन उत्तर देतो. थेरपिस्ट त्याला नम्रपणे थांबवते, तेव्हा राग मानू नका. ती त्याच्या वडिलांना विचारते आहे.

कधीकधी, विशेषतः डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात, असं ठरतं की गिळणं पूर्ण सुरक्षित होणार नाही, नळीने आयुष्य वाढणार नाही, तेव्हा धोका सगळ्यांनी समजून घेऊन तोंडानेच, आवडीचं, थोडं थोडं द्यायचं. हे हार मानणं नाही. त्याची रीतसर नोंद होते. थेरपिस्ट तेव्हाही येते आणि सरळ कसं बसवायचं, चमचा केवढा, दोन घासांत किती थांबायचं, कधी बंद करायचं हे दाखवते. अखेरच्या वेळी तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवायची तुमच्या घरची रीत असेल, तर तेही तिला आणि नर्सला आधी सांगून ठेवा. पान गिळायला न देता ओठांना कसं टेकवायचं, आणि जीभ ओली होईल एवढंच पाणी कसं द्यायचं, हे त्या दाखवतील.